हवेची स्प्रिंग

एडगर व्हिल्चर हे नाव मला पहिल्यांदा कळलं ते कानाच्या मशीनमुळे. मी श्रवणतज्ज्ञ आहे. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत शिकत असताना त्याचा १९७३ सालचा एक शोधनिबंध आमच्या वाचनात आला. कान अधू झालेल्या माणसाला बारीक आवाज ऐकूच येत नाहीत, मोठे आवाज मात्र त्याला इतरांइतकेच मोठे वाटतात, कधीकधी असह्य होतात. त्यामुळे सगळाच आवाज सरसकट वाढवून भागत नाही. खालच्या आणि वरच्या स्वरांचे पट्टे वेगळे करायचे आणि प्रत्येक पट्ट्यातला बारीक आवाज तेवढा वर उचलायचा, असा व्हिल्चरने मांडलेला उपाय होता. आज रोज माझ्या हाताखालून जाणारी यंत्रं याच कल्पनेवर चालतात. या कल्पनेचं पेटंट त्याने घेतलं नाही. कुणीही वापरावी म्हणून ती खुली ठेवली.

हाच माणूस त्याआधी लाउडस्पीकर बनवत होता, हे मला मॅसॅच्युसेट्समध्ये राहायला आल्यावर समजलं. इकडे एखादं जुनं घर रिकामं करायचं असलं की घरातली भांडी, पुस्तकं, खुर्च्या, पडदे सगळं जागच्या जागी किंमत लावून विकायला ठेवतात आणि शनिवार-रविवार दार उघडं ठेवतात. बॉस्टनच्या पश्चिमेला एका गावात अशाच एका घराच्या तळघरात अक्रोडाच्या लाकडाची दोन खोकी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. पाठीमागच्या कागदी लेबलावर अमेरिकन पेटंटचा क्रमांक होता, २,७७५,३०९, आणि पुढे ई. एम. व्हिल्चर हे नाव. घर विकायला काढणाऱ्या बाई म्हणाल्या, "एक खरखरतो, दुसऱ्यातून नुसता घुमल्यासारखा आवाज येतो." ते नाव वाचून मी दोन्ही घेतले.

ही जोडी अकूस्टिक रिसर्च कंपनीची, नाव एआर-३ए. १९६७ साली बाजारात आली तेव्हा अक्रोडाच्या लाकडातल्या एका स्पीकरची किंमत २५० डॉलर होती. एकेक खोकं २५ इंच उंच, १४ इंच रुंद, वजन सुमारे २४ किलो. खाली खर्जासाठी बारा इंचांचा वूफर, वर दीड इंचाचा अर्धगोल घुमट मधल्या स्वरांसाठी आणि पाऊण इंचाचा त्याहून लहान घुमट सगळ्यात वरच्या स्वरांसाठी. जोडी दुरुस्त करायला घेतल्यावर माझा जास्तीत जास्त वेळ वाचण्यात आणि मोजण्यात गेला, आणि तो तसाच जायला हवा होता असं माझं ठाम मत आहे.

त्याचं कारण सांगायला स्पीकर चालतो कसा इथून सुरुवात करायला हवी. चुंबकाच्या अरुंद फटीत तारेचं वेटोळं असतं, त्याला कॉइल म्हणतात. गाण्याची वीज तिच्यातून वाहिली की ती पुढेमागे हलते, तिला चिकटवलेला कागदी कोन हलतो आणि कोन हवा ढकलतो. जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ मध्ये ही रचना सविस्तर मांडली, आणि मुळात ती आजही तशीच आहे. अडचण येते ती खर्जात. कोन पुढची हवा दाबतो त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. खालच्या स्वरांच्या लाटा लांब असतात. पुढची लाट आणि मागची लाट कोनाला वळसा घालून भेटतात आणि एकमेकींना पुसून टाकतात. म्हणून कोनाची मागची बाजू कोंडून ठेवावी लागते. पण लहान खोक्यात कोंडली तर आतल्या हवेवर जोर देऊन कोनाला हलावं लागतं आणि खर्ज आखडतो. १९५०च्या सुमारास ज्याला भरदार खर्ज हवा असेल त्याला कपाटाएवढं खोकं घरात आणावं लागे.

आतली हवा ही अडचण आहे असंच सगळे धरून चालले होते. व्हिल्चरने तिलाच कामाला लावलं. कोन मधोमध राहावा म्हणून त्याच्या कडेला एक लवचीक पट्टी असते आणि मागे कॉइलजवळ एक वळ्यावळ्यांची चकती असते, तिला स्पायडर म्हणतात. या दोघी मिळून कोनाला परत जागेवर खेचतात. त्या ताठ असतात आणि त्यांची ओढ सारखी नसते. थोडं ताणलं तर थोडी, जास्त ताणलं तर एकदम फार. त्यातून आवाज बिघडतो. बंद खोक्यातली हवा मात्र कितीतरी जास्त प्रमाणशीर वागते. तेव्हा कड आणि स्पायडर शक्य तितके सैल करायचे, खोकं हवाबंद करायचं आणि कोनाला मागे आणण्याचं काम हवेवर सोपवायचं, असं त्याने ठरवलं. एआर-३एचा वूफर मोकळा धरला तर सुमारे १८ हर्ट्झला घुमतो. खोक्यात बसवला की हवेच्या दाबामुळे तो आकडा ४२ च्या आसपास येतो. यात खोकं म्हणजे वूफरचं नुसतं कपाट उरत नाही, वूफरची मुख्य स्प्रिंगच त्या खोक्यात असते.

पहिला नमुना न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉक गावी, व्हिल्चरच्या घरी तयार झाला. बाजारातल्या वूफरची ताठ कड कापून काढली, पण तिच्या जागी इतकी सैल कड आणायची कुठून? त्याची पत्नी रोझमेरी नकाशे आणि आराखडे काढण्यात तरबेज होती. तिने कागदावर बेतून गादीच्या खोळीच्या कापडाची कड शिवली. या शोधाच्या कहाण्यांमध्ये रोझमेरीचं नाव फार उशिरा आणि फार थोडक्यात येतं. माझ्या मते पहिला वूफर तिच्या शिवणीवर उभा होता हे पहिल्या ओळीत सांगायला हवं.

व्हिल्चर तेव्हा न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनीचं पुनरुत्पादन हा विषय शिकवत असे. त्याच्या वर्गात हेन्री क्लॉस नावाचा सैन्यात नोकरी करणारा तरुण येई. क्लॉस मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला स्पीकरची खोकी बनवत असे. दोघांनी १९५४ मध्ये तिथे कंपनी काढली आणि एआर-१ विकायला आणला. क्लॉस १९५७ मध्ये वेगळा झाला. १९५८ मध्ये एआर-३ आला आणि त्यात घुमटाच्या आकाराचा ट्वीटर, म्हणजे वरच्या स्वरांचा स्पीकर, पहिल्यांदा वापरला गेला. मोठा कोन वरचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ पुढे फेकतो, बाजूला बसलेल्याला ते पोचत नाहीत. लहानसा घुमट ते खोलीभर पसरवतो. आज जगातल्या बहुतेक घरगुती स्पीकरमध्ये दिसणारा ट्वीटर या घराण्यातलाच आहे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने एआर-३ जपून ठेवला आहे.

कंपनीची विकण्याची रीतही मला फार आवडते. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात आणि केंब्रिजच्या हार्वर्ड स्क्वेअरमध्ये तिने खोल्या घेतल्या होत्या. तिथे कुणीही यावं, बसून गाणं ऐकावं आणि उठून जावं. त्या खोल्यांत विक्री होत नसे. शिवाय फाइन आर्ट्स क्वार्टेट या तंतुवाद्यांच्या चमूबरोबर गावोगावी जाहीर कार्यक्रम केले. वादक मंचावर वाजवत असताना मध्येच वाद्यांवरचे गज तारांना न लावता नुसते फिरवत राहायचे आणि आवाज एआर-३ मधून यायचा. कधी बदल झाला हे बहुतेक श्रोत्यांना ओळखता येत नसे. १९६६च्या सुमारास अमेरिकेतल्या घरगुती स्पीकरच्या बाजाराचा जवळजवळ एक तृतीयांश हिस्सा या एका कंपनीकडे होता. पुढच्याच वर्षी व्हिल्चरने ती विकली आणि तो कानाच्या संशोधनाकडे वळला.

माझं बालपण मिरजेत गेलं. आमच्या घराजवळच सतारी आणि तंबोरे करणाऱ्यांची दुकानं. बाहेरगावाहून कुणी तंबोरा जवारीसाठी घेऊन आला की कारागीर आधी विचारत, गाणार कोण, कुठल्या पट्टीत गाणार, आधी जवारी कुणी काढली होती. उत्तरं मिळेपर्यंत घोडीला कानस लावत नसत. जुना स्पीकर हाती आल्यावर मला तेच करावंसं वाटलं. बनवणाऱ्याने त्याला कुठला आवाज दिला होता हे कळल्याखेरीज दुरुस्ती म्हणजे काय हेच ठरत नाही. नवा, महागडा सुटा भाग घातला की आवाज वेगळा होतो. तो चांगला झाला असं वाटतं, पण तो व्हिल्चरचा राहत नाही.

शोध लेबलापासूनच सुरू होतो. कंपनीचा जुना पत्ता केंब्रिजमधली २४ थॉर्नडाइक स्ट्रीट. अमेरिकेत पाच आकडी पिनकोड १९६३ मध्ये आले. त्यामुळे लेबलावर "केंब्रिज ४१" असं लिहिलेलं असेल तर स्पीकर त्याआधीच्या छपाईचा, "०२१४१" असेल तर नंतरचा. १९७०च्या दशकात कारखाना नॉरवुडला हलला, तेव्हापासून लेबलावर नॉरवुड येतं. माझ्या दोन्ही खोक्यांवर केंब्रिज आणि पाच आकडे होते, अनुक्रमांकही जवळजवळचे. म्हणजे जोडी मूळची होती, दोन घरांतून गोळा केलेली नव्हती.

पुढची खूण वूफरवर. सुरुवातीच्या वूफरमध्ये अल्निको चुंबक असे. ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या या मिश्रधातूचा लहान, जड ठोकळा मागे दिसतो. कोनाची कड लेप दिलेल्या कापडाची. १९६०च्या दशकाच्या शेवटाकडे चुंबक फेराइटचं, रुंद आणि चपटं झालं, आणि कड फोमची आली. नुसता वूफर बदलला असं झालं नाही. त्याच्याबरोबर, कुठला स्वर कुठे जायचा ते वाटून देणाऱ्या विजेच्या जाळ्यातली कॉइल बदलली, खोक्यात भरायच्या काचलोकरीचं प्रमाण बदललं. हे माहीत नसेल तर एका काळच्या खोक्यात दुसऱ्या काळचा वूफर बसवला जातो, आणि सगळे भाग अस्सल असूनही आवाज अस्सल राहत नाही. माझे वूफर फेराइटचे निघाले. कंपनीची त्या काळची माहितीपत्रकं मला केंब्रिजमध्ये एमआयटीच्या आवारात भरणाऱ्या जुन्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात मिळाली. एप्रिल ते ऑक्टोबर, महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी हा बाजार भरतो. तिथे टेबल मांडून बसणारे अनेक जण स्वतः अभियंते असतात. त्यांना विचारलेलं आवडतं.

मग वूफर काढले. फोमची कड होती तिथे काळपट तपकिरी चिकटा होता, आणि स्क्रूभोवती त्याचाच भुगा. हा पॉलियुरेथेन फोम हवेतल्या दमटपणाने आतून तुटत जातो. उन्हाने आणि हवेतल्या ओझोननेही तो मरतो. स्पीकर वापरा किंवा गुंडाळून ठेवा, पंधरा-वीस वर्षांत बहुतेक वेळा जातोच. तो गेला की कोन मधोमध राहत नाही, कॉइल चुंबकाला घासते आणि खरखर येते. पुष्कळ लोक इथेच स्पीकर जळाला असं समजून टाकून देतात.

नवी कड चिकटवणं हे संयमाचं काम आहे. जुना चिकटा आधी बोथट पात्याने आणि मग कापसावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन काढायचा. कोन कागदी आहे, तो भिजू द्यायचा नाही. मग नवी कड आधी कोनाला चिकटवायची, फेविकॉलच्या जातीच्या पांढऱ्या गोंदाने, कारण तो सावकाश वाळतो आणि हात हलवायला वेळ देतो. कोनाची बाजू पक्की झाली की बाहेरची बाजू लोखंडी चौकटीवर. या दुसऱ्या टप्प्यात कॉइल फटीच्या बरोबर मध्ये हवी. काही कारागीर मधली टोपी कापून कॉइलभोवती प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या खोचतात. माझ्या टोप्या शाबूत होत्या, त्या मला कापायच्या नव्हत्या. मी वूफरला ३० हर्ट्झचा हलका स्वर दिला, कोन सावकाश डोलू लागला, आणि गोंद ओला असताना कड बोटाने सरकवत घासण्याचा आवाज पूर्ण थांबेपर्यंत ऐकत राहिले. थांबला तिथे कपडे वाळत घालायचे चिमटे लावून रात्रभर ठेवून दिलं.

कड कुठली घ्यायची हा प्रश्न त्याहून अवघड. बाजारात बारा इंची वूफरच्या कड्या ढिगाने मिळतात, पण त्यातल्या बऱ्याच जाड आणि ताठ असतात. ज्या स्पीकरची सगळी करामत कड सैल ठेवण्यात आहे त्याला ताठ कड लावली तर व्हिल्चरने काढून टाकलेली गोष्ट आपण परत आणतो. म्हणून नंतर मोजून बघावं. वूफर खोक्यात बसवून त्याच्याशी ओळीने एक रोधक जोडायचा, फोनमधून हळूहळू चढणारा स्वर ॲम्प्लिफायरमार्फत द्यायचा आणि वूफरच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मल्टिमीटरवर बघायचा. ज्या स्वराला तो सगळ्यात जास्त दिसतो तो घुमण्याचा आकडा. माझ्या एका खोक्यात ४४ आला, दुसऱ्यात ४५. पन्नासच्या पुढे गेला असता तर मी कड काढून दुसरी लावली असती.

फक्त घुमणारा जो दुसरा स्पीकर होता त्याचा दोष वेगळाच निघाला. एआर-३एच्या पाठीमागे दोन फिरत्या खुंट्या असतात, एक मधल्या घुमटाचा आवाज कमीजास्त करायला, एक ट्वीटरचा. आत तारेचं कडं आणि त्यावर फिरणारी धातूची पट्टी. वर्षानुवर्षं एकाच जागी राहिल्याने त्यावर हिरवट-पांढरा गंज धरतो आणि वीज पुढे जात नाही. वरचे दोन्ही घुमट त्यामुळे गप्प होते, त्यांच्या कॉइल धडधाकट होत्या. खुंटी शंभरदा इकडून तिकडे फिरवली तर कधीकधी आवाज परत येतो, पण टिकत नाही. मी चारही खुंट्या उघडल्या, व्हिनेगरमध्ये भिजवल्या, पितळी ब्रशने घासल्या, धुऊन कडकडीत वाळवल्या आणि जोडांना लावायचं खास ग्रीस लावून बंद केल्या. त्यांच्या जागी आजच्या पद्धतीचे नवे भाग मिळतात, पण ते विजेच्या मार्गात वेगळ्या तऱ्हेने वागतात आणि दोन घुमटांमधला ताळमेळ सरकतो. जुनं कडं तुटलेलं नसेल तोवर तेच ठेवावं.

मग कंडेन्सर. कुठला स्वर कुणाकडे जायचा हे ते आणि कॉइल मिळून ठरवतात. ५७५ हर्ट्झपर्यंत वूफर, तिथून ५,००० पर्यंत मधला घुमट, पुढे ट्वीटर. त्यासाठी १५०, ५० आणि ६ मायक्रोफॅरडचे कंडेन्सर. जुने सुटे करून मोजले तर ६ चा लिहिलेल्यापेक्षा बराच वर गेला होता, म्हणजे ट्वीटरला न झेपणारे खालचे स्वर त्याच्याकडे पोचत होते. तो बदलला. उरलेले दोन अजून आपल्या आकड्याच्या जवळ होते आणि त्यांचा आतला रोधही वाढलेला नव्हता, ते तसेच ठेवले. सगळे कंडेन्सर उपटून त्यांच्या जागी बाजारातले सगळ्यात महाग बसवण्याची पद्धत सध्या बरीच बोकाळली आहे. मला ती मान्य नाही. आधी मोजावं, जे बिघडलं असेल तेवढंच काढावं.

काचलोकर बाहेर काढायच्या आधी हातमोजे आणि मास्क घालावा, आणि ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावी. खोक्यातली हवा किती दबते हे तिच्यावरही अवलंबून असतं. जितकी निघाली तितकीच, सैल करून, परत भरावी. शेवटी वूफरच्या कडेने कधीही न वाळणारी लांबी दाबून खोकं हवाबंद करायचं. याची परीक्षा हाताने होते. वूफरचा कोन बोटांनी सावकाश आत दाबून सोडला तर तो आळसावल्यासारखा परत यायला हवा. झटकन परत आला तर कुठून तरी हवा गळते आहे, मग पाठीमागच्या खुंट्यांच्या भोकांपासून शोध सुरू करायचा.

ऐकायला बसले तेव्हा पहिल्यांदा तंबोरा लावला. यामागे भक्तिभाव होता, पण एक साधा हिशेबही होता. काळी एक पट्टीत गाणाऱ्या गवयाच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा असतो. फोनच्या स्पीकरमधून तो मूळ स्वर बाहेर येतच नाही. वरच्या स्वरांवरून आपला मेंदू तो कल्पून घेतो, हे माझ्या व्यवसायात शिकवतात. एआर-३एचा वूफर तो खरोखर वाजवतो. पण जवारीची गंमत खर्जात नसते. तारेला घोडीचा सपाट माथा हलकेच लागत राहतो आणि त्यातून एकामागून एक वरचे स्वर फुटतात, हजारो हर्ट्झपर्यंत. म्हणजे एकाच तारेचा खर्ज वूफरमधून येतो, त्याच्या मधल्या स्वरांची झळाळी मधल्या घुमटातून आणि सगळ्यात वरची धार ट्वीटरमधून. तिघांच्या जोडावर कुठे सांधा दिसला तर तंबोरा लगेच सांगतो. आधी वरचे घुमट मुके असताना त्या स्पीकरवर खर्ज होता आणि जवारी नव्हती. मिरजेला काकांना फोन लावून स्पीकरसमोर धरला, तर ते म्हणाले, "अगं, फोनवरून काय कळणार? पंचमाची तार थोडी उतरलीय एवढं कळतंय." ते खरंच होतं, मूळ ध्वनिमुद्रणातच उतरलेली होती.

तंबोऱ्यानंतर तबला. डग्ग्यावर तळहात सरकवून काढलेली मींड हा बंद खोक्याच्या खर्जाचा उत्तम कस आहे. घुमणारं खोकं ती एका स्वरावर अडकवून ठेवतं, हे खोकं तिला सरकू देतं.

ट्वीटरबद्दल माझ्या पेशातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. वय वाढतं तसे आपले कान वरचे स्वर आधी गमावतात. साठीतला माणूस जुना ट्वीटर ऐकून म्हणतो, "याच्यात दम राहिला नाही," तेव्हा निम्म्या वेळी दम कानातला गेलेला असतो. मग नवा, तिखट ट्वीटर बसवला जातो आणि घरातली तरुण मुलं कानावर हात ठेवतात. आधी स्वतःचा श्रवणालेख काढून घ्यावा. स्पीकरची वरची बाजू कानाने न ठरवता मोजणीच्या मायक्रोफोनने ठरवावी. मी तशी मोजली. डावा ट्वीटर उजव्यापेक्षा खरोखरच थोडा मंद आहे. या लहानशा घुमटाच्या कडेला धरून ठेवणारे फोमचे इवलेसे ठिपके असतात, ते वयाबरोबर कडक होतात. या ट्वीटरचा हुबेहूब नवा तुकडा आज कुणी बनवत नाही. म्हणून डाव्या बाजूची खुंटी थोडी वर करून मी दोन्ही बाजू जुळवल्या आहेत आणि त्याच काळातला मूळ ट्वीटर कुठे मिळतो का ते बघते आहे.

काय बदललं, कुठल्या आकड्याचं, कुठल्या तारखेला, काचलोकर किती वजनाची, हे सगळं कागदावर लिहून तो कागद आणि काढलेला कंडेन्सर मी त्या त्या खोक्यात ठेवला आहे. पुढे जो उघडेल त्याला शोध पहिल्यापासून करावा लागू नये.

हे सगळं अमेरिकेतलं झालं, पण फोम कुजण्याला देश लागत नाही. मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत तो अधिक लवकर जातो. सत्तर-ऐंशीच्या दशकात घेतलेले कॉस्मिक, सोनोडाइन, फिलिप्स किंवा परदेशातून कुणीतरी आणलेले स्पीकर अनेक घरांत माळ्यावर असतील. ते खाली काढलेत तर लगेच ॲम्प्लिफायरला जोडू नका. आधी जाळी काढून वूफरच्या कडेला बघा. बोट लावताच भुगा पडला तर वाजवू नका, कारण घासून घासून चांगली कॉइलही जाते. कोन चार बोटांनी सारखा दाबून आत ढकला आणि घासल्याचा आवाज येतो का ऐका. दीड व्होल्टचा सेल दोन टोकांना क्षणभर लावा. कोन हलला आणि टक् असा आवाज आला तर कॉइल जिवंत आहे, आणि सेलचं अधिक टोक स्पीकरच्या लाल टोकाला असताना कोन पुढे आला तर जोडणीही बरोबर आहे. मागे खुंट्या असतील तर त्या फिरवून बघा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कोन बदलून देणारे कारागीर भेटतील. त्यांना सगळा कोन बदलू न देता फक्त कडेचा फोम बदलायला सांगा, आणि मूळ वूफरवरचा शिक्का, क्रमांक, लेबल यांचे फोटो आधी काढून ठेवा. फोम झडलेला वूफर भंगारात देऊ नका. त्याचं चुंबक, कॉइल आणि कोन शाबूत असतील तर बदलायची आहे ती फक्त कड.